नौपाड्यातून, कुलूप लावून

ठाणे, डिसेंबर २०२५

प्रिय बाळ्या,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. घरात लॅपटॉपचं हे रडगाणं सांगावं तर "नवा लॅपटॉप घ्या" एवढंच ऐकायला मिळतं, म्हणून तुला लिहितोय.

भाऊबीजेला ताई आली, बरोबर निखिल. पोराला अपग्रेडची पाटी दिसली आणि मामाचं भलं करायला त्यानं बटण दाबलं. सकाळी उठून बघतो तर विंडोज ११. स्टार्टचं बटण वरमायसारखं मधोमध येऊन बसलेलं! आपल्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (त्याची ती यूएसबी किल्ली) लावलं की नुसता दिवा लागतो, पुढे ढिम्म. त्यातच टाइप केलेल्या अण्णांच्या वह्यांच्या फाइली नोटपॅडमध्ये उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा भुगा. युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर चालणारी अक्षरपद्धत, तिच्या आधीच्या ना त्या.

दहा दिवसांच्या आत जुन्या विंडोज १० वर परतता येतं, हे मला नवव्या दिवशी कळलं. तोवर निखिल फोनवरून सांगत होता, "मामा, विंडोज.ओल्ड उडव, जुन्या विंडोजचं फोल्डर आहे ते, जागा होईल." उडवलं असतं तर परतीची वाटच बंद.

विंडोज १० वर परत आल्यावर अपग्रेडला कुलूप घातलं. आपली होम आवृत्ती, तिच्यात ग्रुप पॉलिसी (असे नियम घालायची सोय) नाही, म्हणून रजिस्ट्रीत, विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, शिरलो (आधी प्रत काढली, हो, तुझीच शिकवण). विंडोज अपडेटच्या पॉलिसीत तीन नोंदी: टार्गेट रिलीज व्हर्जन १, प्रॉडक्ट व्हर्जन 'विंडोज १०' आणि व्हर्जन इन्फो '२२एच२'. आता दहावरच मुक्काम.

२०१६ आठवतं? दहा फुकट वाटत होते तेव्हा खिडकीला लाल फुली मारली तरी ठरलेली वेळ कायम राहायची. तू म्हणालास, फुली म्हणजे नकार. मी म्हणालो, बारीक अक्षरं वाच. त्यावरून तलावपाळीला आठवडाभर अबोला. मीच बरोबर होतो, आज लेखी देतोय.

पण आता झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणानं. दहाला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबरला संपला. जादा सुरक्षा अपडेटसाठी नाव घातलंय, तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. मग काय, नेटची वायर उपटून ठेवायची? फाइली पेनड्राइव्हवरून न्यायच्या, आणि पेनड्राइव्ह सोसायटीच्या सेक्रेटरींच्या यंत्रातून फिरून आलेला. म्हणजे झालंच!

कधी वाटतं, हा नुसता हट्ट आहे, सगळं युनिकोडमध्ये नेऊन मोकळं व्हावं. एक वही बदलून पाहिली. सह्याद्रीतल्या दऱ्यांचा चक्क दर्या झाला, अण्णा घाट उतरून थेट समुद्रात. ओळ न् ओळ मूळ वहीशी ताडायला हवी, आणि अण्णांचं अक्षर तुझ्याशिवाय कुणाला लागतंय?

मिहिकाचं ठरलं असं कळलं, आनंद झाला. वहिनींचे टाके निघाले ना?

मूळ वह्या तुझ्याच माळ्यावर आहेत. लग्नाची पत्रिका द्यायला येशील तेव्हा घेऊन ये. आणि चार दिवस राहायच्या तयारीनं ये, एका बैठकीत होणारं काम नाही हे.

तुझा,
नान्या