वेस्टर्न ब्लॉट काढ

सई,

रात्री दार लावून झोपलीस, म्हणून लिहून ठेवतेय. उन्हाळी संशोधनाच्या सीव्हीत ‘माझ्याकडे लिहायला काहीच नाही’ म्हणतेस, हे मला पटत नाही. आणि म्हणून सिनियरच्या सीव्हीतून वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे नमुन्यातलं ठराविक प्रथिन ओळखायची चाचणी, उचललास, ते तर मुळीच नाही. डेमो बघितला म्हणजे हाताने केलं असं होत नाही. त्यातली पीव्हीडीएफ मेंब्रेन, म्हणजे प्रथिनं चिकटतात तो पातळ पडदा, आधी मिथेनॉलमध्ये का बुडवतात, एवढंच कुणी विचारलं तर?

जे केलंस ते नीट लिही. ‘मायक्रोबायॉलॉजी प्रॅक्टिकल’ हे काहीच सांगत नाही. ‘दुधाच्या नमुन्याचं सिरियल डायल्यूशन करून 30 ते 300 कॉलनी असलेल्या प्लेट मोजल्या आणि सीएफयू काढलं’ (म्हणजे नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करून त्यातले जिवंत जिवाणू मोजले) यात काय केलं, कशावर केलं, काय निघालं, तिन्ही आलं. ग्रॅम स्टेनिंग, मायक्रोपिपेट, एक्सेलमधले ग्राफ हेही असंच. पायथन किती येतं ते दाखवायला त्यापुढे 80 टक्क्यांची पट्टी काढलीयस. कशाच्या 80 टक्के? त्यात कुठला डेटा प्लॉट केलास ते लिही.

एकच पान. फोटो, बाबांचं नाव, जन्मतारीख, खालचं प्रतिज्ञापत्र, सगळं काढ. हा लग्नाचा बायोडेटा नाही. सीजीपीए लिहिलास तर 10 पैकी म्हण. चौथीच्या स्कॉलरशिपचं काढताना माझ्याच जिवावर येतंय, आजोबांनी फ्रेम केलीय ती. तरी काढ.

बघ, लेक्चर सुरू झालं. सॉरी. पण ब्लॉट खरंच काढ गं. एका ओळीवर संशय आला की बाकीच्या खऱ्या ओळीही कुणी धड वाचत नाही, आणि तुझ्या तर बाकीच्या सगळ्या खऱ्या आहेत.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा विज्ञानाचा कार्यक्रम पदवीच्या मुलांसाठीच आहे. तिथे अनुभव नाही म्हणून लाजू नकोस. टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) उन्हाळी कार्यक्रमही बघ. प्राध्यापकांना मेल करशील तर प्रत्येकाला वेगळा. त्यांचा एक पेपर वाचून त्यातलं काय कळलं, काय अडलं, ते दोन वाक्यांत लिही. ‘रिस्पेक्टेड सर’ करून 40 जणांना बीसीसी टाकलेला मेल लगेच ओळखू येतो. फाइल पीडीएफ, नावात तुझं नाव. ‘फायनल 3’ नको.

रेफरन्सला मॅडमचं नाव घालण्याआधी त्यांना भेटून विचार, व्हॉट्सॲपवर नको. हो म्हणाल्या तर सीव्ही आणि शेवटची तारीख त्यांना त्याच दिवशी पाठव. आयत्या वेळी मागितलेलं शिफारसपत्र चार ओळींचंच येतं. मॅडमना पाठवायच्या आधी मला दाखव. ब्लॉटपुरतं तरी.

आई