गाजर वरून काळं, आतून कच्चं

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

रविवारी फोनवर आईने एका दमात निकाल लावला, "वरून कोळसा, आतून दगड." मागून बाबांचा आवाज आला, "ते खोकं परत पाठवून दे म्हणावं." तेव्हा मी हसलो, पण फोन ठेवल्यावर ओशाळलो. एअर फ्रायर पाठवला आणि तो कसा वापरायचा ते सांगायचं राहूनच गेलं. सोबतच्या पुस्तिकेतली अक्षरं मुंगीएवढी, ती मलाही नीट वाचता येत नाहीत. म्हणून हे पत्र, ठळक अक्षरात.

आधी हे सांगतो की त्याचं नाव फसवं आहे. त्यात काहीही तळलं जात नाही. ती एक छोटी भट्टी आहे. वर तापणारी तार आणि तिच्या डोक्यावर पंखा. तापलेली हवा जाळीच्या टोपलीभोवती जोरात फिरते, बस. कढईतलं तेल पदार्थाला चहूबाजूंनी चिकटून उष्णता देतं, ते काम हवेला तितकं झटपट जमत नाही. त्यामुळे तळणीची चव शोधाल तर बाबांचंच म्हणणं खरं ठरेल. भाजण्याची शोधा. पालेभाजीची पानं त्या वाऱ्यात उडून करपतात, पण कंदमुळं अंगानं जड आणि आतून ओलसर असतात, त्यांना ही भट्टी मानवते.

आता त्या गाजराचं. आई, तू गाजराचे अंगठ्याएवढे जाड तुकडे केलेस, बटाट्याच्या फोडी बारीक, बीट मधल्या मापाचं, आणि सगळं एकत्र २०० अंशांवर लावलंस. हवा फोडीचा फक्त बाहेरचा पृष्ठभाग तापवते. तिथून ऊब गाभ्यापर्यंत आपल्या चालीनं सरकत जाते आणि जाडी दुप्पट झाली की तिला दुप्पट नाही, साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून वर काळं होईपर्यंत आत काहीच पोचलं नव्हतं. चूक तुझ्या हाताची नाही, मापाची आहे. दीड सेंटिमीटरच्या फोडी कर, म्हणजे तुझ्या करंगळीच्या नखापेक्षा थोड्या मोठ्या, आणि सगळ्या सारख्या. उष्णता १८० ठेव. पंधरा मिनिटांनी सुरीचं टोक टोचून बघ, जड गेलं तर आणखी तीन-चार मिनिटं. रंग आला नसेल तर शेवटची दोन मिनिटं २००.

दुसरं म्हणजे फोडी धुतल्यावर फडक्यानं अगदी कोरड्या करायच्या. हे कंटाळवाणं आहे, पण सगळी गंमत इथेच आहे. वर पाणी आहे तोवर पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जातच नाही, आणि खरपूस तपकिरी रंग यायला साधारण १४० लागतात. या रंगामागची रासायनिक क्रिया लुई-कामी मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली मांडली, म्हणून ती त्याच्या नावानं ओळखतात. (बाबा, तुम्हाला अशी माहिती आवडते म्हणून घातली. आईने हे वाक्य सोडून दिलं तरी चालेल.) टोपलीही गच्च भरू नका. फोडी एकमेकींवर चढल्या की वाफ अडकते आणि भाजण्याऐवजी नुसत्या शिजतात. एकच थर, आणि निम्म्या वेळात एकदा टोपली हलवायची. दोन वेळा लावावं लागलं तर दोन वेळा लावा, घाई कोणाला आहे?

बटाटा सगळ्यात नखरेल. कापून अर्धा तास पाण्यात ठेवा, पाणी पिठूळ होईल, ते फेकून द्या. वरचं पिष्ट गेलं की फोडी चिकटत नाहीत. आणखी एक कारण आहे. पिष्टमय पदार्थ १२० अंशांवर तापले की अ‍ॅक्रिलामाइड नावाचं नको असलेलं द्रव्य तयार होतं, हे २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांच्या लक्षात आलं. भिजवल्यानं ते कमी होतं, आणि जितकं काळं कराल तितकं वाढतं. म्हणून सोनेरी झालं की थांबायचं. हिरवट पडलेला बटाटा मात्र टाकूनच द्या. अर्ध्या किलोला चहाचे दोन चमचे तेल पुरतं, पण तेवढं घालाच. बाबांनी मागे बिनतेलाचा प्रयोग केला होता ना, त्या फोडी वातड झाल्या त्या त्यामुळेच. गाजरातलं बीटा कॅरोटीन अंगी लागायलाही थोडी चरबी हवी असते.

बाबा, एक गोष्ट स्पष्ट लिहितो. तेल कमी झालं म्हणून बटाट्यातलं किंवा रताळ्यातलं पिष्ट कमी होत नाही. साखरेच्या हिशेबात ते जिथे होतं तिथेच राहतं. "यंत्रातलं आहे, चालतं" हे मी फोनवर ऐकलंय.

रताळं अख्खं ठेवून बघा. त्याला दोन-चार ठिकाणी काट्यानं टोचायचं आणि १९० वर पाऊण तासाच्या आत-बाहेर. त्याच्यातलं एक विकर (एन्झाइम) पिष्टाची साखर करतं, पण फक्त मधल्या तापमानात. फोडी पटकन तापून ते टप्पे ओलांडतात, अख्खं रताळं सावकाश तापतं म्हणून जास्त गोड होतं. (बाबांसाठी पुन्हा वरचा परिच्छेद.)

बीट वेगळं लावा, नाहीतर सगळंच लाल. त्याला गाजरापेक्षा पाच-सात मिनिटं जास्त लागतात. आणि दुसऱ्या दिवशी लघवी लालसर दिसली तर घाबरून मला पहाटे फोन करू नका, काहीजणांना बीटाच्या रंगानं तसं होतं. बीट खाल्लं नसताना दिसली तर मात्र पहाटेही करा. मुळा भाजला की तिखटपणा सोडतो आणि रसाळ होतो. कच्च्या मुळ्यापासून चार हात लांब राहणाऱ्या माणसानेही तो खावा. सलगमही तसंच. अळकुडी आणि सुरण थेट टोपलीत नको. कच्चे राहिले तर घसा खाजतो, कारण त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. आधी पूर्ण उकडा, मग फक्त रंगापुरतं भाजा.

बाबांच्या दाढांसाठी गाजरही पाच मिनिटं वाफवून घ्या, पुसा, मग दहा मिनिटं लावा. मीठ शेवटी भुरभुरा. ते वरच राहतं, जिभेला आधी लागतं, म्हणून कमी घातलं तरी पुरतं. आई, तुझ्या रक्तदाबाबद्दल बोलतोय.

यंत्र भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागून गरम हवा बाहेर येते. जोडवायरवर लावू नका, ते बरीच वीज खेचतं. टोपली काढताना ती कट्ट्याला टेकवून काढा, हवेत धरू नका, भरलेली टोपली मनगटाला जड जाते. घासायला तारेची घासणी नको, कोमट पाण्यात भिजत ठेवली तर सुटतं. तेलाचे दाबून फवारायचे डबेही नकोत, त्यांनी आतला लेप खराब होतो. तेल हातानंच चोळा.

हे सगळं कशासाठी, तेही लिहितो. मागच्या खेपेला आलो होतो तेव्हा आईच्या मनगटावर तेलाचा डाग होता. विचारलं तर म्हणाली, "जुना आहे." जुना नव्हता, त्याच्यावर नवी कातडी धरत होती. तेव्हाच ठरवलं की उकळत्या तेलापुढे तू एक दिवस कमी उभी राहिलीस तरी या खोक्याचं काम झालं. रोज वापरलंच पाहिजे असं नाही.

यंत्रागणिक मिनिटं थोडी इकडेतिकडे होतात, म्हणून माझे आकडे म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. बाबा, तुमच्या हिशेबाच्या वहीत एक पान याला द्या. कंद कोणता, फोड केवढी, किती अंश, किती मिनिटं, आणि शेवटच्या रकान्यात आईचा शेरा. "कोळसा" असेल तर "कोळसा"च लिहा. रविवारी फोनवर मला ते पान वाचून दाखवा.

तुमचा,
धाकटा