सजगतेचे वर्ग आधी साहेबांचे घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बँकांमध्ये हल्ली कर्मचाऱ्यांसाठी ‘माइंडफुलनेस’ (सजगता) आणि ‘इमोशनल इंटेलिजन्स’ (भावना ओळखून हाताळण्याचे कौशल्य) यांच्या प्रशिक्षणांचा सपाटा सुरू आहे. मी बँकेच्या काउंटरवर काम करते. विषयाला माझा विरोध मुळीच नाही. माझा आक्षेप आहे तो हे धडे कोणाला आणि कोणत्या वेळी दिले जातात, याला.

नोव्हेंबरमध्ये पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांसाठी शाखेत झुंबड उडते. आयुष्यभर कष्ट केलेल्या आजींच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन काही केल्या अंगठा घेत नाही. मागची रांग कुरकुरते, आजी रडवेल्या होतात, सोबतचा मुलगा आमच्यावर आवाज चढवतो. अशा वेळी स्वतःचा राग ओळखून तो गिळायचा, आजींना खुर्ची द्यायची आणि “आजी, घाबरू नका, दाखला कागदावर भरूनही देता येतो,” असे सांगायचे. हे रोज, दर माणसामागे करावे लागते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी विमानातील सेविकांचा अभ्यास करून १९८३ मध्येच अशा कामाला ‘भावनिक श्रम’ म्हटले होते. आमच्या वार्षिक मूल्यमापनात मात्र त्याला रकाना नाही. तिथे विचारतात ते विमा पॉलिसी किती विकल्या एवढेच.

त्याच संध्याकाळी टार्गेटचा आढावा घेणारा रिव्ह्यू कॉल असतो. पंधरा-वीस शाखांच्या देखत क्षेत्रीय कार्यालयातील वरिष्ठ आमच्या मॅनेजर साहेबांचे आकडे वाचून दाखवतात, “जमत नसेल तर खुर्ची सोडा,” असे सुनावतात. कॉल संपला की तोच राग खाली आमच्यावर निघतो. आणि मग रात्री आठला ‘ताणमुक्त कसे राहाल’ या वेबिनारची लिंक येते. हजेरी सक्तीची, पुरावा म्हणून स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाने पार थकून-विटून जाण्याची, व्याख्या करताना तो कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून येतो, असे स्पष्ट म्हटले आहे. ताण कामात असेल, तर केवळ कर्मचाऱ्याला दीर्घ श्वास घ्यायला लावून तो कसा जाईल? शिवाय ही तासाभरात उरकायची गोष्टही नव्हे. अमेरिकेतील जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये रुग्णांसाठी सुरू केलेला सजगतेचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा आहे. इगतपुरीचे विपश्यना शिबिर दहा दिवसांचे असते आणि त्यासाठी राज्य सरकार आपल्या अधिकाऱ्यांना रजा देते. मन शांत करायला वेळ लागतो, हे सरकारला पटते. मग बँकांना का पटू नये?

पूर्वी आमच्याकडे एक मॅनेजर मॅडम होत्या. कोणाचे टार्गेट राहिले तर त्या केबिनमध्ये बोलावून, दार लावून बोलत. काउंटरवर आवाज वाढला की स्वतः उठून बाहेर येत. त्यांच्या काळातही कामाचा बोजा कमी नव्हता, पण बदलीसाठी कोणी अर्ज करत नव्हते.

म्हणून विनंती अशी की, हे प्रशिक्षण आधी क्षेत्रीय कार्यालयातील वरिष्ठांना, आणि सर्वांनाच कामाच्या वेळेत द्यावे. चारचौघांत आकडे वाचून पाणउतारा करणे बंद व्हावे, नोव्हेंबरमध्ये काउंटरला जादा माणूस मिळावा. मार्च २०२४ मध्ये बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात पगार व सेवाशर्तींबाबतचा बारावा द्विपक्षीय करार झाला. पुढच्या करारात कामाच्या वेळेनंतरचे रिव्ह्यू कॉल आणि वेबिनार बंद करणारे कलम कर्मचारी संघटनांनी आग्रहाने मांडावे.

– एक बँक कर्मचारी, नाशिक