टॉवेलचा धागा आणि पुरवणीतली चूक

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत झाडांवर एक लेख आला होता, फोटो झकास, पण मधेच एक वाक्य असं की मुळाच्या पेशीत मुळाचे जीन (म्हणजे जनुकं, पेशीनं काय बनवायचं त्याच्या सूचना) असतात आणि पानाच्या पेशीत पानाचे. हे चूक आहे ओ. आमच्या शेजारची दहावीतली पोरगी ते वाक्य वहीत उतरवून माझ्याकडे दाखवायला आली, कारण बोळात सगळ्यांना माहितीय की मी बॉटनीचा बी.एस्सी. आणि पोट मात्र सुताच्या दुकानावर. म्हणून लिहितोय, लांबलं तर कापा.

खरं असं आहे की झाडाच्या जवळपास प्रत्येक जिवंत पेशीत जीनचा अख्खा संच असतो, मग ती मुळातली असो, पानातली असो नाहीतर फुलातली. फरक पडतो तो कुठले जीन चालू आणि कुठले बंद यावर. (जीन म्हटलं की आपल्याकडे लोकांना एकदम बीटीच आठवतं, तो विषयच वेगळा.)

आता सोलापुरात राहून याचं उदाहरण बाहेरून कशाला आणायचं, अंघोळीचा टॉवेल घ्या की. त्यातला सुती धागा उसवून एक बारीक तंतू वेगळा केलात तर तो तंतू म्हणजे एक पेशी. एकच. सरकीच्या सालीवरची एक पेशी, जिची जाडी केसापेक्षा कितीतरी कमी आणि लांबी अडीच-तीन सेंटिमीटर. मी हे दुकानात सांगितलं तर भाचा म्हणतो, "काय मामा, सकाळी सकाळी गिऱ्हाइक नाही म्हणून आम्हालाच का?" मग त्याला मेव्हण्याच्या शेतातलं कोवळं बोंड चिरून दाखवलं, आत ओलसर पांढऱ्या बिया आणि त्यांना चिकटलेला ओला कापूस, तेव्हा गप्प बसला.

कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. फूल उमलतं त्याच दिवसाच्या आसपास आतल्या कोवळ्या बीच्या सालीवरच्या काही पेशी फुगायला लागतात आणि पुढं दोनेक आठवडे नुसत्या लांबतच जातात, विभाजन वगैरे काही नाही. नंतर आतून सेल्युलोजचे थर चढतात, शेवटी पेशी मरते, वाळते, चपटी होऊन पिळा खाते, आणि तो पिळा असतो म्हणून तंतू एकमेकांना धरतात आणि सूत निघतं. पण गंमत सालीवरच आहे. चार पेशींतली साधारण एकच कापूस होते, तिला चिकटून बसलेल्या शेजारणी साध्या साल म्हणून राहतात. संच तोच, जागा तीच, मग असं का?

आपल्या चादरीच्या जॅकार्डवरून सांगतो, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांप्रमाणे नक्षी विणणारा माग. समजा प्रत्येक शेडमध्ये सगळ्या डिझाइनच्या पंच कार्डांच्या माळा ठेवल्यात, मोराची, फुलाची, चौकड्याची, पण मागावर चढलीय ती एकच, आणि चादर निघणार तिच्याचप्रमाणे. पेशीत ही माळ चढवायचं काम काही खास प्रोटीन करतात, ती पण जीनवरूनच बनतात. पुस्तकात त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात, मी मुकादम म्हणतो. स्वतः माग चालवत नाही, डीएनएवर, म्हणजे जीन ज्यावर असतात त्या धाग्यावर, ठराविक जागी जाऊन बसतो आणि ह्याला चालू कर, त्याला बंद ठेव. कपाशीत एमवायबी नावाच्या घराण्यातला असा एक मुकादम आहे, त्याचा जीन दाबून टाकला की सरकी गुळगुळीत निघते, तंतूच येत नाही. झाड जिवंत, बी ठणठणीत, कापूस गायब! तेवढा एक हलला तर सोलापूरचा निम्मा धंदा बसेल.

आणि मुकादम जरी तोच असला तरी काम जागेप्रमाणे बदलतं. मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस नावाचं एक तण आहे, प्रयोगशाळांचं लाडकं, त्यात ग्लॅब्रा-२ नावाचा जीन पानावर लव आणतो आणि मुळावर मात्र ज्या पेशीत चालू असतो तिला केस येऊ देत नाही. मुळाच्या कातडीवर तर आणखी मजा, खालच्या दोन पेशींच्या सांध्यावर जी पेशी बसली ती केस काढते, एकाच पेशीवर बसलेली काढत नाही, म्हणजे तू कोण हे तू कुठे बसलीस आणि शेजारी कोण यावरून ठरतं. झाडाच्या पेशीला उठून दुसरीकडे जाता येत नाही, भिंतीत चिणलेली असते, त्यामुळे शेजाऱ्यांचं ऐकूनच चालावं लागतं.

लेखकाला पटत नसेल तर सांगोल्याकडच्या कुठल्याही डाळिंबवाल्याला विचारा. गुटी बांधताना फांदीची साल गोल काढतात, मुळं फुटायची आयबीएची पावडर लावतात, ओलं मॉस (शेवाळ) गुंडाळतात, वरून प्लास्टिक, आणि काही आठवड्यांनी फांदीतूनच मुळं. फांदीत फक्त फांदीचे जीन असते तर ही मुळं आली कुठनं? पावडर काही जीन देत नाही, ते हार्मोनच्या जातीचं औषध आहे, आत होतेच ते जागे होतात. टिशू कल्चरच्या, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांचं गणितही तेच, कुठला हार्मोन जास्त यावर मूळ फुटणार का कोंब ते ठरतं, स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी १९५७ साली तंबाखूवर हे दाखवलं. आणि दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी तर १९६४ मध्ये धोत्र्याच्या परागकणांपासून रोपाचे गर्भ वाढवून दाखवले. परागकणात प्रत्येक जीनची एकच प्रत असते, तरी अख्खं रोप बनवायला तेवढी पुरली. आपल्या देशात झालेलं एवढं मोठं काम, तुमच्या लेखात त्याचं नाव नाही याचं जास्त वाईट वाटलं खरं तर.

तर विनंती एवढीच की दुरुस्ती छापा, आतल्या पानावर छोट्या चौकटीत चालेल. पोरीनं ते वाक्य लाल पेननं लिहिलंय आणि मी सांगूनही खोडत नाही, पेपरात आलंय म्हणते. तुमची चौकट आली की तिचंच कात्रण त्यावर चिकटवते असं ठरलंय.

आपला,
एक सूतवाला वाचक, साखर पेठ, सोलापूर