गिअर काऊन पडत नाही?

नागपूर,
१४ सप्टेंबर

प्रिय विन्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "शुभासाठी जुनी ऑटोमॅटिक घेऊन राहिलो, तुझ्या गाडीचा अनुभव कसा आहे बे?" आणि मी म्हटलं, पत्रात लिहितो. तू हसलास. पण तेव्हा मंजिरी शेजारीच शेंगा सोलत बसली होती, आणि या भानगडीत मी कसा वागलो ते तिच्यादेखत सांगायची माझी हिंमत नव्हती. म्हणून हे चऱ्हाट.

तुला माहीतच आहे, गाडी २०१९ ची. मंजिरीच्या डाव्या गुडघ्यामुळे बिनक्लचची घेतली. 'ऑटोमॅटिक' म्हणून विकतात, पण आत आपल्या नेहमीच्याच गाडीचा गिअरबॉक्स आणि नेहमीचीच क्लच प्लेट असते. क्लचचं पेडल तेवढं काढून टाकलेलं असतं. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ॲक्चुएटर नावाचं यंत्र करतं, आणि त्याला हुकूम देतो एक कॉम्प्युटर. याला एएमटी म्हणतात. आपल्याकडे हा प्रकार २०१४ मध्ये सेलेरिओत पहिल्यांदा आला आणि स्वस्त पडतो म्हणून मग बहुतेक कंपन्यांनी उचलला. हे सगळं मला गाडी घेताना माहीत नव्हतं. गेल्या नऊ महिन्यांत शिकलो, फी भरून.

सुरुवात डिसेंबरात झाली. सकाळी चावी फिरवली की कधीकधी नुसतं चूप. दुसऱ्यांदा फिरवली की सुरू. थंडीत बॅटरी बसली असेल म्हणून नवी टाकली, ५,२०० रुपये. आठ दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. फेब्रुवारीत झटके सुरू झाले. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी असा हिसका द्यायची की मागे बसलेल्या आईच्या हातातली जपमाळ खाली पडायची. वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असं सगळं बदललं, स्कॅनर लावून 'लर्निंग' केलं. नवी प्लेट कुठे धरते नि कुठे सोडते ते कॉम्प्युटरला नव्याने शिकवावं लागतं, नाहीतर तो जुन्या हिशोबानेच चालवत राहतो. मजुरी धरून १६,८०० रुपये झाले, पण झटके गेले. ते काम चोख होतं, खोटं कशाला बोलू.

जुनी प्लेट त्यांनी मला दाखवली. काळी पडलेली, अजूनही जळका वास मारत होती. प्रेशर प्लेटवर निळे डाग. तिथला माणूस म्हणाला, "साब, चढाव पे गाडी एक्सिलेटर पे कौन रोकता? अडतीस हजार किलोमीटर में क्लच नहीं जाता."

विन्या, मी म्हटलं, "मॅडम चलाती है."

खरं म्हणजे राम झुला उड्डाणपुलाच्या चढावर जाम लागला की ब्रेक न दाबता हलकेच ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय माझी. जुन्या गाडीपासूनची. एएमटीत तसं केलं की प्लेट अर्धवट धरून घासत राहते. मंजिरी चढावर हँडब्रेक लावते. मला त्याचा कंटाळा यायचा.

मग आला मे महिना. नवतपा सुरू, दुपारचे दोन. मंजिरी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे धंतोलीत घेऊन चालली होती. आईच्या बटव्यात कांदा, डोक्यावर ओला पंचा. पंचशील चौकात सिग्नल लागला. मंजिरीने नेहमीसारखी गाडी 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलवर टाकली. हिरवा झाला, 'डी'वर, म्हणजे ड्राइव्हवर ओढली, तर गाडी नुसती टीं टीं करायला लागली आणि समोर 'एन' लुकलुकतोय. गिअर घेईना. मागे हॉर्नचा गदारोळ. शेवटी दोन पोट्टे धावत आले आणि ढकलत कडेला घेतली. त्यातला एक सल्ला देऊन राहिला, "काकू, क्लच दाबा ना जोराने!" काकू कुठला क्लच दाबणार?

मी ऑफिसातून स्कूटरवर पोचलो. घामाने निथळत आत बसलो, ब्रेक रेटला, 'डी'वर टाकली. पडला गिअर, एका फटक्यात. मी आईसमोर, त्या पोट्ट्यांसमोर म्हटलं, "बघ, पडला ना!"

हेच वाक्य मी पुढचे तीन महिने म्हणत होतो. जूनमध्ये दोनदा झालं, जुलैत तीनदा. दरवेळी तिच्याकडूनच, आणि दरवेळी मी गेलो की गाडी मुकाट्याने चालायची. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही. मग सांगितलं, ॲक्चुएटर किट बदलून पाहू, ५८,००० रुपये. आणि वर मला बाजूला घेऊन, "मॅडम का पैर सही नहीं पडता." मी मान डोलावली. मंजिरी दहा पावलांवर उभी होती, तिने ऐकलं. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि त्या दिवसापासून चावी खुंटीला. रिक्षाने जायला लागली. गुडघ्यासाठी घेतलेली गाडी दारात, आणि ती रिक्षा स्टँडवर.

५८,००० ऐकून मी थांबलो होतो, एवढीच माझी हुशारी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल भागात मावशीकडे जायचं होतं. मारबतीच्या मिरवणुकीमुळे तिकडचे रस्ते बंद, म्हणून संध्याकाळी उशिरा निघालो. आईच्या आग्रहाने मंजिरीने चालवली. सई तिच्या मोपेडवर मागे. सक्करदरा चौकात सई आमच्यावर आदळता आदळता वाचली. मावशीच्या दारात हेल्मेट काढत म्हणाली, "आई, तुझा ब्रेकलाइट लागतच नाही. बाबा चालवतात तेव्हा लागतो."

मी म्हटलं, काहीतरी बोलून राहिली. पण रात्री घरी आल्यावर पार्किंगमध्ये भिंतीला पाठ लावून गाडी उभी केली नि मंजिरीला ब्रेक दाबायला सांगितलं. भिंत काळीच. "दाबलास?" "दाबलाय." "अजून दाब." पेडल पार खाली गेलं तेव्हा कुठे भिंतीवर लाल उजेड पडला. तिने पाय जरा सैल केला, उजेड गेला. पेडल अजून अर्धं दाबलेलंच होतं. असं आम्ही सात-आठ वेळा केलं. वरच्या गॅलरीतून शेजारचे काका विचारतात, "काय चाललंय भाऊ?"

दुसऱ्या दिवशी खामल्याचा आपला जुना मिस्त्री आला. मोबाइलचा टॉर्च दातात धरून स्टिअरिंगखाली उलटा शिरला. दोन मिनिटांत बाहेर. ब्रेक पेडलच्या वर बोटभर स्विच असतो. तोच मागचा दिवा लावतो आणि तोच कॉम्प्युटरला सांगतो की ब्रेक दाबलाय. त्याची क्लिप तुटून स्विच पेडलच्या बाजूला सरकला होता. पेडल खोल गेल्याशिवाय तो सुटायचाच नाही. आणि ब्रेक दाबलेला कळल्याशिवाय ही गाडी ना स्टार्ट होते, ना 'एन'मधून गिअरमध्ये जाते. चुकून गाडी एकदम पुढे पळू नये म्हणून तशी सोय केलेली आहे.

आता जुळव. बॅटरीचं काहीच बिघडलं नव्हतं. मी ब्रेक लाथ मारल्यासारखा रेटतो, म्हणून माझ्याकडून गिअर पडायचा. ती हलक्या पायाने, जसा दाबायला हवा तसा दाबते. शिवाय मी सिग्नलवर 'एन' टाकतच नाही, 'डी'वरच पाय रोवून बसतो, त्यामुळे माझ्यावर तो प्रसंगच कमी यायचा. पुस्तकात लांब सिग्नलला 'एन' टाका असं लिहिलंय, ते ती पाळायची म्हणून ती अडकायची. क्लच मी जाळला, आणि पाय तिचा वाईट ठरला.

स्विच नि मजुरी मिळून ५७० रुपये. मिस्त्री पैसे घेत मला म्हणाला, "भाऊ, वहिनीने वाचवलं तुम्हाला. मागून ट्रक असता तर?"

मंजिरीची मी माफी मागितली. स्वयंपाकघरात, पाठमोरी उभी होती तेव्हा. "बरं," एवढंच म्हणाली. पण आता सिग्नल सुटला, 'डी' पडला, की माझ्याकडे न बघता म्हणते, "बघ, पडला ना!" आई मागून खिदळते.

असो, तुझं काम. जुनी घेऊन राहिला तर आधी विचार, कुठली ऑटोमॅटिक? चारपाच जातींना लोक एकच नाव देतात. एएमटी असेल तर क्लच कधी बदलला ते बिलासकट पाहा. चढावर थांबवून सोड, थरथरली नि जळका वास आला तर समजून जा. सीव्हीटी असेल तर गिअरऐवजी पट्टा नि पुली असतात, झटके नसतात, पण त्याचं तेल वेळेवर बदललंय का ते बघ. दोन क्लचवाली, त्यात कोरड्या, म्हणजे तेलात नसलेल्या क्लचची असेल, तर पुण्याच्या जाममध्ये तापते, माझं मत विचारशील तर नकोच. आणि सकाळी इंजिन थंड असताना जा, विकणारा गाडी तापवून ठेवतो. रात्री भिंतीला पाठ लावून ब्रेकलाइट बघ, हे तर आलंच.

ट्रायल शुभावहिनींना घ्यायला लाव. तू मागे बस आणि तोंड बंद ठेव.

दिवाळीला येशील तेव्हा रामटेकला जाऊ. गडाचा चढ मंजिरीच चढवणार आहे, ठरलंय. तर्री पोहे मात्र निघण्याआधी खाऊ, परत येईपर्यंत संपलेले असतात.

तुझा,
राजू

ता. क. आंबिया बहाराची संत्री उतरायला लागली की पेटी पाठवतो. पत्ता तोच ना, की बदललास?