झेरॉक्सच्या काकांना, अकरा गोलांबद्दल

आदरणीय काका,

त्या दिवशी रामबागेतल्या तुमच्या दुकानातून मात्रांची पानं घेऊन निघताना आभार मानायचेच राहून गेले. तुम्ही जादा पैसे घेतले नाहीत आणि बोलायला सवडही नव्हती, मागे परीक्षेचे फॉर्म घेऊन पोरांची रांग लागली होती. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांसमोर.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना घरी शिकवताना मजकुराची चणचण नाही. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर गोष्टी खुल्या करून ठेवल्या आहेत, मराठीतसुद्धा, पहिल्या पातळीपासून चौथीपर्यंत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. घोडं अडतं ते कागदावर. फोनवर मूल चित्र बघतं, बोट सरकवतं आणि पुढे जातं. एकेका अक्षरावर बोट टेकवून थांबायला कागदच लागतो. त्यातून इंदूरमध्ये मूल दाराबाहेर पडलं की पाट्या हिंदी. पुस्तकांच्या खजुरी बाजारात शोधायला गेलं तर त्या वयाला झेपेल असं मराठी पुस्तक क्वचितच हाती लागतं. मराठी वाचायला शिकवायचं तर घरी छापून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे ही कामं दिली, त्यांच्याबद्दल मनात अजून राग आहे. एका दुकानात सोळा पानी गोष्टीची प्रत्येक मागची बाजू उलटी छापून मिळाली आणि वर ऐकायला मिळालं, ‘कॉम्प्युटरवर असंच येतं.’ येत नाही. आडव्या ए-फोरची पुस्तिका दोन्ही बाजूंनी काढताना कागद आखूड कडेवर उलटायचा असतो. सेटिंग लांब कडेवर राहिलं की मागचं पान डोक्यावर उभं राहतं. दुसरीकडे वर्डची फाइल तशीच उघडली आणि ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ झालं. मोठा माणूस ते मनात दुरुस्त करून वाचेल, पण मुलाला तो शब्दच नवा असतो, ते चुकीचाच पाठ करतं. आणि अक्षरओळखीसाठी महागडा संच गळ्यात मारू पाहणारे होते, त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं.

तुम्ही पहिल्याच खेपेला म्हणालात, ‘फाइल पीडीएफ करून आणा, फॉन्ट आत राहतो.’ आणि प्रत्येक वेळी आधी एकच कागद काढून, घडी घालून, पानांचा क्रम दाखवलात. पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. सोळा पानांना चार कागद पुरतात, सतरा झाली की पाच लागतात आणि तीन पानं कोरी उरतात. तिथे कुणीतरी सुचवलं होतं की शेवटचं नावांचं पान काढून टाका, एक कागद वाचेल. तुम्ही ते ठेवलंत. लेखक-चित्रकारांची नावं राहू देणं ही या गोष्टी फुकट छापण्याची अटच आहे. कोऱ्या पानांवर मुलं चित्रं काढतात. तिथे मेणखडू चालतो, स्केचपेन मात्र पातळ कागदातून पाठीमागे उमटतं.

पण पत्र लिहायला बसवलं ते त्या गोलांनी.

मुलांनी शब्द जुळवावेत म्हणून आम्ही अक्षरांचे चौकोन कापले, जुन्या लग्नपत्रिकांचे, पाच सेंटीमीटरचे. मात्रांचे तसेच चौकोन करून चालत नाही, कारण उकार खाली जातो, मात्रा वर बसते, आणि पहिली वेलांटी लिहायची डावीकडे पण उच्चारायची नंतर. म्हणून खुणा पारदर्शक कागदावर काढून अक्षरावर ठेवायच्या. त्यासाठी काना, वेलांट्या, उकार, मात्रा, अनुस्वार आणि विसर्ग धरून अकरा खुणा टाइप केल्या, तर प्रत्येकीला कॉम्प्युटरने ठिपक्यांचा एक गोल चिकटवला. मात्रा एकटी टाइप केली की तो येतोच. तो दिसला होता, पण चालून जाईल असं वाटलं होतं.

तुम्ही पान उजेडाकडे धरलंत आणि म्हणालात, ‘अहो, पोरं याला शून्य समजतील. आणि हा क वर ठेवला की क दिसणारच नाही.’ मग व्हाइटनरची बाटली काढून अकराही गोल एकेक करून पुसलेत. रांग खोळंबली होती, तरी वर फुंकर घालत वाळेपर्यंत थांबलात, कारण ओला व्हाइटनर काचेला लागला तर पुढच्या प्रत्येक प्रतीवर डाग येतो. मग लेझर प्रिंटरला चालणारे पारदर्शक कागद शोधून त्यांवर प्रती काढल्यात. फाइलचं साधं प्लास्टिक मशीनच्या उष्णतेने वितळून रोलरला चिकटलं असतं. यातलं काहीही कुणी तुम्हाला सांगितलं नव्हतं. दोन रुपयांच्या पानापाशी थांबून, ते वाचणारं मूल समोर नसताना त्याच्या डोळ्यांनी पान बघणं, हे आम्हाला फार मोठं वाटतं. एवढी कळकळ पैसे मोजूनही मिळत नाही, आणि शिकवण्याची मोठी पाटी लावणाऱ्यांकडेही ती फार थोड्यांकडे असते. गावात अशी चार माणसं असली तर मूल कुठेही शिकू शकेल.

आता तुमच्या कामाची खबर. पहिल्या संचात क, न, म, र एवढीच अक्षरं आणि काना घेतला, वर्णमालेच्या क्रमाने गेलो नाही. त्यात कान, नाक, मान, काम, रान, मामा असे शब्द लगेच लागतात. त्यानंतर दुसरी वेलांटी. पहिली मुद्दाम उशिरा घेतली. र ला उकार खाली लागत नाही, रु आणि रू वेगळेच दिसतात, म्हणून त्यांचे दोन स्वतंत्र चौकोन हाताने लिहिले. अक्षर आणि खूण एकाच फॉन्टात आणि एकाच मापात असल्याने मात्रा शिरोरेषेवर नीट टेकते. मुलांनी स्वतःहून लावलेला पहिला शब्द होता ‘काका’. दोन क, दोन काने, आणि गोल एकही नाही. तो चौकोनांचा शब्द पुठ्ठ्यावर चिकटवून पत्रासोबत पाठवतो आहोत, काउंटरवर ठेवाल तर बरं वाटेल.

पुढच्या आठवड्यात जोडाक्षरांची पानं घेऊन येऊ. ‘ऱ्य’ तपासून, पीडीएफ करूनच आणू.

आपले कृतज्ञ,
घरीच शिकणाऱ्या मुलांचे आई-बाबा, रामबाग, इंदूर