नव्या अभियंत्यांच्या शिकण्याचा वेळ वाचवू नका

मा. संपादक,
स. न.

एआयमुळे आयटीतल्या किती नोकऱ्या जाणार, यावर बरेच छापून येते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. (कंपनीने कारण एआय नव्हे, तर कौशल्यांचा मेळ न बसणे असे दिले होते. ते फारसे कुणी वाचले नाही.) क्लाउडवरच्या, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरच्या, यंत्रणा सांभाळणाऱ्या टीममध्ये मी काम करते. मला जास्त काळजी वाटते ती नोकरी मिळालेल्या नव्या मुलामुलींची. त्यांना शिकायला जागाच उरत नाही.

२०२१ मध्ये गिटहब कोपायलट हे कोड लिहायला मदत करणारे एआय साधन आले तेव्हा ते पुढच्या दोन-चार ओळी सुचवायचे. आज सांगायचा अवकाश, अख्ख्या फायली तयार होतात. गुगलमधला पाव हिश्श्याहून अधिक नवा कोड एआय तयार करते आणि अभियंते तो तपासून स्वीकारतात, असे सुंदर पिचाई यांनी ऑक्टोबर २०२४ मध्येच सांगितले होते. चर्चा पाव हिश्श्याची झाली. पण हे तपासणारे अभियंते तयार होतात कसे? लॉग, म्हणजे प्रोग्रॅमच्या कामाच्या नोंदी चाळून, बारीकसारीक बग सोडवून, टेस्ट लिहून. आम्ही सगळे त्या कंटाळवाण्या कामांतूनच वर आलो, आणि नेमकी तीच कामे आता एआयकडे गेली आहेत.

एक उदाहरण देते. आमच्याकडच्या एका नव्या मुलाचा प्रोग्रॅम एस३ मधली (अॅमेझॉनच्या क्लाउडवरच्या साठवणुकीतली) फाइल वाचताना ‘अॅक्सेस डिनाइड’ म्हणून अडकत होता. त्याने एआयला विचारले, एआयने परवानगीची पॉलिसी लिहून दिली. तिच्यात अॅक्शनपुढे स्टार आणि रिसोर्सपुढेही स्टार. म्हणजे त्या प्रोग्रॅमला अकाउंटमधल्या कशावरही काहीही करायची मुभा. फाइल वाचता येईल, तसा डेटाबेसही पुसून टाकता येईल. एरर गेली, सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास झाल्या. रिव्ह्यूमध्ये, म्हणजे कोड वापरात जाण्याआधीच्या तपासणीत, मी ते थांबवले. मग आम्ही दोघांनी बसून ती परवानगी फक्त ‘गेट ऑब्जेक्ट’पुरती, म्हणजे फाइल वाचण्यापुरती, आणि एस३ मधल्या एकाच बकेटमधल्या (साठ्यातल्या) एका फोल्डरपुरती ठेवली. स्टार का नको, हे त्याला त्या अर्ध्या तासात कळले. मुलगा हुशार आहे, त्याला मी बोल लावणार नाही. पण असा अर्धा तास आता कुठल्याच इस्टिमेटमध्ये धरलेला नसतो. ‘एआय आहे ना, मग दोन दिवस कशाला?’ असे वरून विचारले जाते.

क्लाउडवर ही घाई फार महागात पडते. तिथे सर्व्हर, नेटवर्क, परवानग्या, सगळे सहसा टेराफॉर्मसारख्या साधनासाठी लिहिलेल्या कोडमधूनच उभे राहते. एक ओळ चुकली तर ग्राहकांचा डेटा उघडा पडतो, नाहीतर बिल फुगते. एआयसाठी लागणाऱ्या मोठ्या जीपीयू (प्रचंड आकडेमोड करणाऱ्या चिप) मशीनचे भाडे तासाला हजारो रुपयांत जाते. असे मशीन सुट्टीत चालू राहिले तर काय होते, ते क्लाउडचे बिल पाहणाऱ्यांना विचारा.

अॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेने २०१६ मध्ये मुंबई रीजन, म्हणजे इथल्या डेटा सेंटरचा समूह, सुरू केला. आज नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात डेटा सेंटर वाढत आहेत आणि गुंतवणुकीचे आकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जातात. पण त्या इमारती चालवायला माणसे थोडीच लागतात. आपल्या मुलांना खरे काम मिळेल ते त्या डेटा सेंटरवर चालणाऱ्या यंत्रणांमध्ये, आणि तिथे कोड वाचता येणारा माणूस हवा.

म्हणून कंपन्यांनी नव्या अभियंत्यांच्या रिव्ह्यूचा वेळ कामाच्या हिशेबात धरावा. आणि मुंबई विद्यापीठाला माझी कळकळीची विनंती आहे: जर्नल आणि छापील प्रॅक्टिकल आता पुरे. परीक्षेत विद्यार्थ्याच्या हाती एआयने लिहिलेला, मुद्दाम दोष ठेवलेला कोड द्यावा. दोष शोधायला सांगावा आणि व्हायवा त्याच कोडवर घ्यावी. निदान एका सेमिस्टरला हे करून पाहावे. बाहेरचे परीक्षक म्हणून यायला या क्षेत्रातले कितीतरी जण तयार होतील. मी तर नक्की येईन.

आपली,
एक क्लाउड अभियंता, मुलुंड (पूर्व)